तबकातल्या तीन कुप्या

१८ सप्टेंबर २०२५, गुरुवार

आलं : थर्माकोलचा खोका एक. आत बर्फाच्या निळ्या पिशव्या चार, वितळलेल्या. काचेची कुपी एक. तिच्या तळाशी चिमूटभरही म्हणता येणार नाही एवढी पांढरी भुकटी, वजन वीस मिलिग्रॅम. किंमत करासकट अठ्ठेचाळीस हजार रुपये, ती माझ्या लेकीच्या, प्राप्तीच्या पुण्याच्या संस्थेने भरली. पोयनाडहून घरापर्यंत यायचे कुरिअरवाल्याने वर पन्नास मागितले, ते मी दिले. निळ्या पिशव्या धुऊन ठेवल्या, उपयोगी पडतील.

वीस मिलिग्रॅम सोनं सव्वादोनशे रुपयांना येतं. म्हणजे ही भुकटी सोन्याच्या दोनशे पट महाग. मी लेकीला म्हटलं, "बाय, शिंक आली तर काय करशील?"

"तू जवळच येऊ नकोस, आई."

महिना झाला तिला वसतिगृहाच्या पायरीवरून पडून. घोट्याचं हाड मोडलं, पाय प्लास्टरात, म्हणून ती घरी. पण काम थांबवता येत नाही. पीएचडीची शिष्यवृत्ती ३१ डिसेंबरला संपते. याआधी दोनदा अशीच भुकटी मागवली आणि दोन्ही वेळा फुकट गेली. ही तिसरी, आणि संस्थेकडचे पैसे आता संपले. तिच्या मेहेंदळे मॅडमनी परवानगी दिली की नमुने घरीच लावून ठेव. मॅडम बोलतात कमी. फोनवर "हं" म्हणतात, आणि त्या "हं"चा अर्थ लावत आमची पोर दोन दिवस बसते.

२० सप्टेंबर, शनिवार

उद्या सर्वपित्री. फ्रिजमध्ये वाल भिजलेले, नारळ खवलेला, आणि त्यात वरचा अख्खा कप्पा प्राप्तीला रिकामा करून दिला. पितर समजून घेतील.

सकाळी तिने ओट्यावर कागद अंथरून काम केलं. मी दारातून बघत होते. थोडी भुकटी एका पाण्यात विरघळवली, पाच छोट्या कुप्यांत सारखी वाटली, मग प्रत्येकीत दुसऱ्या पाण्याचे मोजून थेंब घातले. त्याने आंबटपणा बदलतो म्हणे. झाकणं लावली, वर मेणाची पट्टी गुंडाळली, एक ते पाच नंबर घातले. उरलेली भुकटी जपून ठेवली.

मला कळावं म्हणून तिने माझ्या हातातली बांगडी धरली. म्हणाली, भुकटीचा प्रत्येक कण अशी एक बांगडी आहे, डोळ्यालाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारी. आठ मण्यांची. एक मणी उजवा, एक डावा, म्हणून बांगडी पिळत नाही, सपाट राहते. पाण्यात या बांगड्या एकावर एक बसल्या की नळी होते.

"बसवतं कोण?"

"कोणी नाही. आपोआप बसतात. कुठला मणी कुठे घालायचा, एवढंच माझ्या हातात. ते मी दोन वर्षं कॉम्प्युटरवर जुळवलं. पुढे हात लावायचा नाही."

"आणि नाही बसल्या तर?"

"तर गोळा होतो. बांगड्यांचा ढीग. मागच्या दोन वेळी तेच झालं."

हे टेंपो धुऊन आत आले होते, ते ऐकत होते. विचारलं, नळी करून काय करशील? ती म्हणाली, फार पुढची गोष्ट आहे बाबा, पण कधी तरी अशा नळीतून खाऱ्या पाण्यातलं नुसतं पाणी पलीकडे नेता येईल, मीठ अलीकडे राहील. ह्यांनी वीस वर्षं इथल्या खारेपाटात मिठागरावर काढलेली. हसले. "आमी जल्मभर पान्यातनं मीठ काढलं. तू मिठातनं पानी काढ. घर बराबर झालं."

प्राप्तीने मला तीनदा बजावलं : हलवायचं नाही, उघडायचं नाही, फ्रिजमधून बाहेर काढायचं नाही. ९ ऑक्टोबरपर्यंत.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसवले. नऊ दिवस माझा उपास. कुप्यांकडे बघितलं, पाण्यात काहीच दिसत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

प्राप्ती फ्रिज उघडते, बघते, बंद करते. दिवसातून दहा वेळा. मी म्हटलं, अशाने वीज किती जाते. ती रागावली. मग स्वतःच म्हणाली, "या वेळी नाही झालं तर मी काय करू, आई?" मी म्हटलं, देवी आहे. तिला ते उत्तर नको होतं हे मला कळलं.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

आज झालं ते सगळं लिहिते.

प्राप्तीचं प्लास्टर काढायला हे तिला टेंपोतून अलिबागला घेऊन गेले, सकाळी आठला. टेंपोला हार घालूनच निघाले. घरात मी एकटी. दरवर्षीप्रमाणे अवजारांची पूजा मांडली : मीठ ओढायचं लाकडी फावडं, कोयता, विळी, ह्यांची पान्यांची पेटी. मग वाटलं, या घरात आता खरं काम करणारी प्राप्ती आहे, तिची हत्यारं कुठे आहेत? लॅपटॉप ठेवला. ते थेंब मोजायचं नळकांडं ठेवलं. पण तिचं खरं हत्यार फ्रिजमध्ये. तिचा जीव त्यात अडकलेला आणि नेमका त्याच्यावरच देवीचा हात नको?

घटकाभरच, असं मनाशी म्हणून कुप्या काढल्या. तबकात आधीच हळद-कुंकू, सुपारी, फुलं. कुप्या तीनच मावल्या : दोन, तीन आणि पाच. एक आणि चार परत जागेवर ठेवल्या. साडेनऊला पूजा केली. झाकणांवर हळद-कुंकू लावलं, एक आरती, एकशे आठ नाम.

तेवढ्यात जाऊ आली, कल्पिता. तिच्या घरचा गॅस संपलेला, नैवेद्य अर्ध्यावर. तिच्या पुरणाला मी हात दिला, मग माझा स्वयंपाक, मग सवाष्ण जेवायला. देवघर आमचं पत्र्याखालचं, दार लावलेलं, आत दोन वातींची समई. आठवण झाली तेव्हा साडेतीन वाजले होते.

कुप्या हाताला चांगल्या गरम लागल्या. तशाच फ्रिजमध्ये घालणार होते, पण गरम काच एकदम गार केली की तडकते, लोणच्याच्या बरणीची एकदा अशीच वाट लागली होती. शिवाय गरम वस्तू फ्रिजमध्ये घालू नये. म्हणून सासूबाईंच्या पितळी टोपात चुलीवरचं पाणी घेतलं, हात जेमतेम सोसेल एवढं कढत, त्यात कुप्या गळ्यापर्यंत उभ्या केल्या, वर ताट झाकलं, आणि टोप चुलीशेजारीच राहू दिला. चूल विझलेली होती. पाणी आपल्या आपण निवलं. दिवेलागणीला, पावणेसातला, पाणी गार लागलं. कुप्या पुसल्या, कुंकू काढलं, जागेवर ठेवल्या.

साडेसातला दोघं आली. प्राप्ती दोन्ही पायांवर उंबरठा ओलांडून आत आली, काठी टेकत का होईना. इतकी हसत होती. कुप्यांचं आज नको. उद्या सांगेन.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सोनं वाटलं. सांगितलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

हमदुल्लाभाई सुकटीची पोती घेऊन गुरुवारी गाडी चढवून रोरो बोटीने मुंबईला जातात. त्यांच्या गाडीतून प्राप्ती कुप्या घेऊन गेली, देऊन रात्री परत आली. मुंबईच्या एका संस्थेत मोठं यंत्र आहे, त्यात नळी झाली की नाही ते दिसतं. हमदुल्लाभाई म्हणाले, "बेटा, तुझ्या नळीला सुकटीचा वास लागला तर माझ्यावर केस नको करूस हां." त्यांची बायको कुलसुम माझी जुनी शेजारीण, ती म्हणाली, "वास लागला तर किंमत वाढेल."

मी मात्र मनात म्हणत होते, तडकलेली तर नसेल ना एखादी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

झाल्या! मोबाइलवर फोटो आले. राखाडी पाटीवर लांबच लांब सरळ केस पडावेत तशा नळ्या. प्राप्ती स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. लहानपणानंतर प्रथमच.

मग डोळे पुसून म्हणाली, "पाचांपैकी तीनच आहेत, आई. दोन, तीन आणि पाचमध्ये इतक्या सुरेख. एक आणि चारमध्ये नुसते गोळे. सगळं सारखंच केलं होतं, मला कळतच नाही."

मी फोडणी करत होते. मोहरी करपली.

मला कळलं होतं. संध्याकाळी देवीपुढे नारळ फोडला. तिने तीन कुप्यांवर हात ठेवला आणि मी दोन वगळल्या. तबक मोठं घेतलं असतं तर पाचही झाल्या असत्या. एवढं सुख झालेल्या पोरीला आता कशाला सांगायचं?

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

ओवाळून झाल्यावर प्राप्ती लिहीत बसली होती. मी विचारलं काय लिहितेस. "कृती. चार अंशांवर एकोणीस दिवस, न हलवता."

मी म्हटलं, "इतकं बारीक लिहावंच लागतं का?"

"लिहावंच लागतं. ही कृती वाचून जपानमधल्या कोणी केली तरी हेच व्हायला हवं. नाही झालं, तर माझं खरं नाही."

"पण तीनच झाल्या ना? त्याचं कारण?"

"तेही लिहिलंय. कारण माहीत नाही म्हणून."

कारण माहीत नाही असं लिहायला तिला लाज वाटली नाही. मी उठून पणत्या लावायला गेले.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

प्राप्ती पुण्याला गेली. उरलेली भुकटी नेली. सोबत पोहे, सुकट, पायाला चोळायचं तेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तिचा फोन. तिच्याच प्रयोगशाळेतल्या विनेश नावाच्या मुलाने तीच कृती केली. भुकटी तीच, पाणी तेच, फ्रिज आमच्यापेक्षा कितीतरी चांगला. सगळ्या कुप्यांत गोळे. एकही नळी नाही.

मॅडम ओरडल्या नाहीत. प्राप्ती म्हणते, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "हे फोटो याच नमुन्याचे आहेत ना, प्राप्ती?"

८ डिसेंबरला समिती बसणार. तिथे तिला उत्तर द्यायचं आहे. नाहीतर शिष्यवृत्ती संपली की पीएचडीही संपली, आणि वर खोटेपणाचा डाग. भुकटी तीन मिलिग्रॅम उरली आहे, एका खेपेपुरती.

फोन ठेवल्यावर मी भात लावला. पाणी घालायला विसरले.

१६ नोव्हेंबर, रविवार

ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सांगून काय व्हयाचं? तिथं शिकलेली मानसं. हसतील. म्हनतील, खारेपाटातली बाई, कुप्यांना कुंकू लावलंन, त्याच्यानं शोध लागला. पोरीला तोंड दाखवाया जागा न्हाय उरायची."

माझीही भीती तीच. पण दुसरीही एक आहे, ती त्यांना सांगितली नाही. देवीने दिलेलं असेल आणि मी ते बोलून दाखवलं, तर ती काढून तर घेणार नाही?

जेवताना हे आपणहून म्हणाले, "मिठाचंबी असंच. घाईत बसला तो दाना बारीक. सावकास बसला तो मोठा." ते मिठाचं कशाला काढलं मला कळलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कुलसुमकडे गेले. ती शिवण करत होती. तिला सांगितलं. सुई न थांबवता म्हणाली, "मग? सांग ना पोरीला."

"लोक हसतील गो."

"हसू दे. हसण्यानं कुणाची इज्जत नाय जात. तुझी पोर तिथं झूट ठरतेय, ते बघ आधी. आणि ते तुझ्या देवीचं म्हणशील, तर तिनं दिलेलं तुझ्या एका सच बोलण्यानं जात असेल, तर ते दिलेलंच नव्हतं."

मला राग आला. चहा न घेता निघाले. वाटेत, बांधावर, राग गेला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी प्राप्तीला फोन केला. एका दमात सांगितलं.

"किती वेळ बाहेर होत्या?"

"साडेनऊ ते साडेतीन."

"सहा तास? आई, सहा तास?"

"मग टोपात. पावणेसातपर्यंत."

"कसला टोप? तू त्या शिजवल्यास?"

"शिजवीन कशी? नुसतं गरम पाणी. काच तडकू नये म्हणून."

"मी तुला एकच गोष्ट सांगितली होती, आई. एकच." आवाज चढला नव्हता. "महिनाभर मी वेड्यासारखं कारण शोधतेय. तू समोर बसून पोळ्या लाटत होतीस."

फोन बंद झाला. ती म्हणाली ते खरं आहे. त्यात माझ्या बाजूचं लिहिण्यासारखं काही नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

चार दिवस तिने फोन उचलला नाही. आज सकाळी स्वतः केला. कशी आहेस नाही, काही नाही.

"टोपात पाणी किती होतं?"

"चार तांबे."

"तांब्या केवढा?"

"आपला नेहमीचा."

"नेहमीचा म्हणजे किती, आई!"

दुधाच्या मापाने मोजून सांगितलं, पाऊण लिटरचा. पाणी किती गरम? हात जेमतेम सोसेल एवढं. मग तिने मला पुन्हा चूल पेटवायला लावली, तसंच पाणी तापवायला लावलं, विझवायला लावली आणि घरातला तापाचा थर्मामीटर त्यात घालायला लावला. पारा टोकाला गेला आणि वर जागाच नव्हती. ती हसली. मग मला म्हणाली, "रडू नकोस गं." मी रडत नव्हते, धूर होता.

तिने मॅडमना सांगितलं आहे. मॅडम "हं" म्हणाल्या. मग म्हणाल्या, समितीतले लोक विचारतील की आईचं नाव आत्ताच कसं पुढे आलं. त्या दिवशीचं लिहिलेलं काही आहे का?

"तू लिहितेस ना रोज? त्या पानाचा फोटो पाठव. तेवढं पुरे."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पूजा झाल्यावर वही उघडून बसले, फोटो काढायला. काढला आणि पुसून टाकला.

बचत गटाचा हिशेब मी अकरा वर्षं ठेवते. कोणी सुटा कागद आणला तर मी मानत नाही, तो काल रात्रीही लिहिता येतो. बांधलेल्या वहीत मागची तारीख आणि पुढची तारीख असते, मध्ये पान घुसवता येत नाही. मी ज्या कागदावर दुसऱ्या बाईचा शब्द धरला नसता, तो माझ्या लेकीच्या बाजूने कसा पाठवू? अख्खी वहीच गेली पाहिजे.

पण या वहीत काय नाही? ह्यांचं बोलणं आहे. कुलसुमचं आहे. माझं गप्प बसणं आहे, रोजच्या रोज. मॅडमबद्दलही आहे. दोन ओळी खोडायला पेन उचललं होतं. खोडलेल्या ओळीने सगळीच वही संशयात येते, म्हणून खाली ठेवलं.

ह्यांना विचारलं. म्हणाले, "माजं बोलनं हाय त्याच्यात? समदं?"

"समदं."

"मंग वाचूदे. खारेपाटातला मानूस कसा बोलतो ते तरी कलंल." आणि टेंपोची चावी घेऊन म्हणाले, उद्या सकाळी अलिबागला पोस्टात सोडतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सौ. मेहेंदळे मॅडम यांस,
सुचिता दयाराम पाटील हिचा सप्रेम नमस्कार.

ही वही तुमच्याकडे पाठवते आहे. रजिस्टर पोस्ट आता बंद झालं, म्हणून स्पीड पोस्टाने. एकही पान फाडलेलं नाही, एकही ओळ खोडलेली नाही. तुमच्याविषयीही काही लिहिलं आहे, ते रागावून लिहिलेलं नव्हतं, काळजीने होतं. समितीला १ ऑक्टोबरचं पान दाखवावं, आणि त्यांनी मागितली तर बाकीचीही दाखवावी.

प्राप्तीने कृती खोटी लिहिली नाही. तिला माहीत होतं ते तिने लिहिलं. बाकीचं मी लपवलं.

त्या दिवशी मी जे जे केलं ते या वहीत आहे. त्यातलं कशाने झालं ते मला ठाऊक नाही. मॅट्रिकपर्यंत शिकले आहे. समई तिळाच्या तेलाची होती. कुंकू फक्त झाकणावर होतं, आत गेलेलं नाही. नाम मी एकशे आठ वेळा घेतलं. तुम्हाला यातलं जे गाळायचं असेल ते गाळून करून बघा, पण एकेक करून गाळा, म्हणजे कळेल. माझ्या मनाला विचाराल तर देवीने दिलं. पण तिने ते टोपातून दिलं असेल, तर तसंही तिला चालत असेल, मी का नाही म्हणू?

टोपही सोबत वेगळ्या खोक्यात पाठवला आहे. तळाला एक पोचा आहे, तो जुना आहे, टपालात पडलेला नाही. काम झाल्यावर चिंचेने घासून परत पाठवावा.

उरलेल्या तीन मिलिग्रॅमचं तुम्ही करून बघणार असं प्राप्ती म्हणाली. नळ्या झाल्या की नाही हे मी तिला विचारणार नाही. मला बरं वाटावं म्हणून ती झाल्या असंच म्हणेल, इतके दिवस मीही तिच्याशी तसंच वागले. म्हणून तुम्हाला विनंती. झाल्या असतील तर तसं, आणि गोळा झाला असेल तर तसं, तुमच्या हाताने एका ओळीत लिहून उलट टपाली कळवावं.